दार कोण उघडतो?

प्रश्न : आमच्या भागातील सहकारी साखर कारखान्याच्या निवडणुकीत जुने पॅनेल पडले; पण नव्या संचालक मंडळातही त्याच घराण्यांतले पुतणे आणि जावई आहेत. सत्ता मोजक्या घराण्यांकडे असते तिथे सत्ताधारी वर्ग खरोखर बदलतो तरी कसा?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : पुष्कळदा तो बाहेरच्या धडकेने बदलत नाही, आतल्यांना बाहेरच्यांची गरज पडते, तेव्हा दार किलकिले होते. व्हेनिस या इटलीतील नगरराज्यात महापरिषदेचे, म्हणजे सत्ता हाती असलेल्या सभेचे, सभासदत्व १२९७ पासून ठरावीक घराण्यांपुरते आवळत नेले गेले. पुढे जिनोआ या प्रतिस्पर्धी नगरराज्याशी झालेल्या युद्धात शत्रू व्हेनिसजवळच्या किओज्जापर्यंत येऊन ठेपला, खजिना आटला आणि युद्धाला भरघोस मदत करणाऱ्यांना सरदारकी देण्याचे जाहीर झाले. १३८१ मध्ये ३० नवी घराणी परिषदेत आली, त्यांत दुकानदारीतून वर आलेलीही होती. सतराव्या शतकात क्रीट बेटासाठी तुर्कांशी लढताना हाच मान १ लाख डुकाटांना (सोन्याच्या नाण्यांना) विकला गेला. दोन्ही वेळा नवे लोक आले, पण दाराची किल्ली जुन्यांच्याच कमरेला राहिली.

रोममध्ये सामान्यांनी दीर्घकाळ झगडून हक्क मिळवले, हे खरे. इ.स.पू. ४४५ मध्ये उच्चकुलीन व सामान्य यांच्यातील विवाहावरची बंदी उठली आणि इ.स.पू. ३६७ च्या कायद्याने सर्वोच्च पद सामान्यांना खुले झाले. मात्र त्याचा लाभ मुख्यतः त्यांच्यातील धनिकांनी घेतला; जुन्या घराण्यांशी सोयरीक जुळवून त्यांनी नवा सरदारवर्ग उभा केला. इ.स.पू. ६३ मध्ये सिसेरो हा वक्ता त्या पदावर पोचला, तेव्हा घराण्यात आधी कोणी पदाधिकारी नसलेला माणूस तिथे दिसणे दुर्मीळच होते. आपण लिहिलेल्या जावयांची गोष्ट म्हणूनच मला क्षुल्लक वाटत नाही. पॅरेटो या इटालियन अभ्यासकाने अशा येण्या-जाण्याला अभिजनांचे अभिसरण म्हटले. पण माणसे फिरली म्हणून रचना फिरते असे नाही.

तेव्हा कारखान्यात कोण निवडून आले, याहून नवा सभासद कोण करून घेतो हे पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. शेअरसाठी केलेला अर्ज मंडळाच्या टेबलावर पडून राहत असेल, तर मतदार यादी आधीच ठरलेली असते आणि पॅनेल कोणतेही आले तरी आडनावे तीच निघतात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २३ नुसार पात्र व्यक्तीला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही आणि नाकारल्यास निबंधकाकडे अपील करता येते. आपल्या गावातील ज्या ऊस उत्पादकांचे अर्ज अडले आहेत, त्यांनी अर्जाची पोच जपून ठेवावी व तिथूनच सुरुवात करावी.