अ‍ॅल्युमिनियमच्या ट्यूबचं मागचं तोंड घरच्या घरी पक्कं बंद कसं करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरी शतधौत घृत (पाण्याने शंभरदा धुऊन घोटलेलं तूप) करता, आजवर डब्यांतून देत होता, आता कोऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या ट्यूबा आणल्यात. मागचं तोंड इस्त्रीने दाबून पाहिलं, चिकटलं नाही. मेणबत्तीवर धरलं, नुसतं काळं झालं. सुपरग्लू लावला तर चार दिवसांत सुटला. आणि नागपूरला कुरिअरने पाठवलेल्या ट्यूबा मागून तुपकट होऊन पोचल्या. तर ‘नक्की काय लावलं की ट्यूब बंद होते?’

ताई, काही लावून ती बंद होत नाही. ती घडीने बंद होते. मी मलमाच्या कारखान्यात पॅकिंगला आहे, आमच्या लाइनवर धातूच्या ट्यूबला मागून ना आच लागते ना गोंद. मशीन तोंड चपटं करतं, दोन-तीनदा दुमडतं आणि दातेरी जबड्यात दाबतं. तेवढंच.

आधी इस्त्रीचं सांगतो. इस्त्रीने किंवा सीलिंग मशीनने चिकटते ती प्लास्टिकची ट्यूब, कारण तिचे आतले दोन थर वितळून एकजीव होतात. अ‍ॅल्युमिनियम वितळायला ६६० अंश सेल्सिअस लागतात. राहिला आतला सोनेरी लेप. ते लॅकर. ते ट्यूबवर मारून भट्टीत भाजलेलं असतं आणि एकदा भाजलं की पुन्हा मऊ होत नाही, त्यामुळे कितीही तापवलं तरी ते चिकटणार नाही. उष्णता मात्र धातूतून सरळ खाली मालापर्यंत पोचते. तुमच्या घृतात तर पाणी घोटून बसवलेलं असतं, तूप वितळलं की ते पाणी सुटणार. काही ट्यूबांना शेपटीच्या, म्हणजे मागच्या तोंडाच्या, आतून गरम केल्यावर चिकटणारा खास पट्टा मारून मिळतो, पण तो मुद्दाम मागवावा लागतो आणि तिथेही घडी घालावीच लागते. सुपरग्लूचं म्हणाल तर तो तुपाच्या ओशट पापुद्र्यावर बसतो, धातूला धरतच नाही.

ट्यूब नक्की धातूचीच आहे ना, एवढं एकदा बघून घ्या. बोटाने दाबून सोडा. दबली ती दबलेलीच राहिली तर अ‍ॅल्युमिनियम. हळूहळू फुगून परत मूळ आकारात आली तर ती लॅमिनेटची, म्हणजे प्लास्टिकचे थर एकत्र चिकटवून केलेली. हल्लीच्या बहुतेक टूथपेस्टच्या ट्यूबा तशाच असतात, बाहेरून चंदेरी दिसल्या तरी. त्यांच्या अंगावर उभा जोड दिसतो. लॅमिनेट असेल तर हे सगळं उत्तर सोडून द्या आणि चांगलं हीट सीलर घ्या.

आता घरातली त्वचेच्या मलमाची एखादी संपलेली धातूची ट्यूब घ्या. शेपटीकडे नीट बघा. तीन-चार मिलिमीटरची जाड पट्टी, तिच्यावर बारीक उभ्या रेघा आणि त्या रेघांतच ठोकलेला बॅच नंबर नि एक्सपायरी. त्या रेघा म्हणजे जबड्याच्या दात्यांचे ठसे. ते दाते घडीच्या थरांना एकमेकांत रुतवतात, म्हणून घडी सुटत नाही. नखाने आणि सुरीच्या टोकाने ती पट्टी उलगडत जा. एक घडी, तिच्या आत दुसरी, कापलेली कड पार आतल्या बाजूला. पूर्ण उलगडल्यावर आतल्या अंगाला, कडेपासून जरा खाली, रबरासारखा एक पातळ पट्टा लागेल. नखाने खरवडला की गुंडाळी होऊन निघतो. त्याला आमच्याकडे लेटेक्स म्हणतात. सगळ्याच ट्यूबांना तो नसतो. तुमच्या कोऱ्या ट्यूबांत तो आहे का बघा, कारण बराचसा फरक तिथेच पडतो.

धातूची घडी का टिकते, हेही समजून घ्या. म्हणजे काय करू नये ते आपोआप कळेल. जवळजवळ शुद्ध, साधारण ९९.७ टक्के अ‍ॅल्युमिनियमची एक जाडसर चकती साच्यात ठेवून वरून ठोसा मारतात. एका फटक्यात धातू ठोशाभोवती वर चढतो आणि नळी तयार होते. त्या फटक्याने धातू कडक झालेला असतो, म्हणून ट्यूब भट्टीतून काढून नरम करतात. नरम अ‍ॅल्युमिनियमला परत उसळायची खोड नाही, वाकवलं तिथेच राहतं. पण तेच वाकवणं त्याला पुन्हा कडक करतं. म्हणून एकदा घातलेली घडी उलगडून परत घालू नका. वाकडी गेली तर तेवढी पट्टी कात्रीने काढून टाका आणि खाली नवी घाला, किंवा ट्यूब बाद करा. दोनदा उलगडलेल्या घडीत केसाएवढी चीर पडते. ती डोळ्याला दिसत नाही, तुपाला बरोबर सापडते.

गळतीचं मूळ मात्र बहुतेक वेळा घडीच्या आधी, भरतानाच असतं. ट्यूब टोपणावर उलटी उभी करा. लाकडाच्या ठोकळ्याला टोपणाच्या मापाची भोकं पाडून घेतली की उत्तम स्टँड होतो. माल भरायला बिनसुईची मोठी सिरिंज किंवा आयसिंगचा कोन घ्या. त्याचं टोक तळापर्यंत न्या आणि माल भरत भरत वर आणा, म्हणजे मध्ये हवा अडकत नाही. काढताना टोक हलकेच फिरवून तार तोडा. ती तार कडेच्या आतून लागली की संपलं. तिथे दोन धातूंच्या मध्ये तुपाची वात तयार होते, आणि मग घडी कितीही दाबा, तूप त्या वातीवरून बाहेर येतं. कड चुकून ओशट झालीच तर सुती कापडाने कोरडी पुसा. नुसतं बोट फिरवून भागत नाही.

घृत वितळवून भरायचा मोह होईल. करू नका. पाणी सुटतं ते वर सांगितलंच, शिवाय पातळ माल कडेला शिंतोडे उडवतो. घट्टच भरा, सकाळच्या गारव्यात.

किती भरायचं? लोक गळ्यापर्यंत भरतात आणि मग दाबलं की माल घडीत घुसतो. हिशोब सोपा आहे. २२ मिलिमीटर व्यासाची ट्यूब चपटी केली की तिची रुंदी जवळपास ३५ मिलिमीटर होते, आणि गोल अंगापासून त्या सपाट पट्टीपर्यंत पाचरीसारखा निमुळता भाग तयार होतो. त्या भागात गोल नळीइतका माल मावत नाही. म्हणून मालाच्या वर निदान एका व्यासाएवढी जागा रिकामी ठेवा. घडीची पट्टी त्याहून वेगळी: चार मिलिमीटरच्या तीन घड्या म्हणजे बारा मिलिमीटर. मशीनला याहून कमी जागेत जमतं, हाताला नाही. पुढच्या वेळी ट्यूबा मागवताना ‘हाताने घडी घालणार आहे’ असं सांगून जरा लांब मापाच्या घ्या.

घडीसाठी लांब नाकाची साधी पकड वापरू नका. ती मध्ये दाबते आणि दोन्ही बाजूंना पन्हळ सोडते. ट्यूबच्या रुंदीपेक्षा रुंद जबडा हवा. चित्रकारांच्या सामानाच्या दुकानात कॅनव्हास ताणायची रुंद तोंडाची पकड मिळते, ती यासाठी अगदी योग्य. तिचे जबडे दातेरी असतात. एरवी पत्र्याचं काम करणाऱ्यांकडे पत्रा दुमडायची रुंद पकड असते, तीही चालेल.

चित्रकारांची पकड इथे चपखल बसते यात नवल नाही, कारण ही ट्यूब मुळात त्यांच्यासाठीच निघाली. जॉन गॉफ रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने १८४१ मध्ये कथलाच्या ट्यूबचं पेटंट घेतलं. त्याआधी तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत, टाचणीने भोक पाडून रंग काढत, आणि ते भोक परत नीट बंद होत नसे. टूथपेस्ट आणि मलमं ट्यूबमध्ये आली ती पुष्कळ नंतर. आजही स्वतः रंग घोटणारे चित्रकार रिकाम्या ट्यूबा विकत घेऊन भरतात आणि मागून अशाच पकडीने दुमडतात.

तर घडी अशी घाला. दोन स्टीलच्या पट्ट्यांमध्ये ट्यूब धरा, मालाच्या जरा वरून दाबत कडेपर्यंत न्या. हवा निघून जाते आणि तोंड सरळ चपटं होतं. छपाई असेल तर पुढची बाजू आधीच समोर आणा, नाहीतर लेबल कुशीवर जातं. मग पकडीत चार मिलिमीटर कड धरून, स्टीलच्या पट्टीच्या आधाराने, एकाच दमात पूर्ण रुंदीवर दुमडा आणि दाबून बसवा. त्यावर दुसरी, मग तिसरी, सगळ्या एकाच दिशेला, किराणावाल्याच्या कागदी पुडीचं तोंड वळतं तशा. शेवटी दातेरी जबड्याने सगळी पट्टी एकसारखी दाबा. मलमासाठी दुहेरी घडी पुरते असं म्हणतात आणि घट्ट मालाला ते खरंही आहे. तूप आपल्याकडच्या उन्हाळ्यात तेलच होतं, म्हणून तुम्ही तिहेरीच घाला. सॅडल नावाची आणखी एक गुंतागुंतीची घडी असते, पण ती मशीननेच करायची.

आता कोपरे. बघायचं असेल तर तेच बघा. चपट्या तोंडाच्या दोन्ही टोकांना धातू स्वतःवरच पूर्ण उलटा वळलेला असतो, आणि त्याच जागी पुन्हा तीन घड्या पडतात. सगळ्यात जास्त ताण तिथे, लॅकर फुटलं तर तिथे, आणि दाब कमी पडला तरी पोकळी राहते तीही तिथेच. तुमच्या नागपूरच्या ट्यूबा मधोमध नाही, कोपऱ्यातून ओघळल्या असतील. कोपऱ्यावर हातोडी मारू नका. हातोडीने बंद होतो असं वाटतं, प्रत्यक्षात तो तडकतो. पकड आडवी धरून प्रत्येक कोपरा वेगळा दाबा.

लेटेक्स असेल तर दुमडताना तो पट्टा घडीच्या आत येतो आणि वायसरचं काम करतो. नसेल तर पुढच्या ऑर्डरला ‘एंड सील लेटेक्स’ म्हणून मागा, पण विकणाऱ्याला माल तुपाचा आहे हे सांगा. साधं रबर तेला-तुपात फुगतं, म्हणून तो पट्टा तुमच्या मालाबरोबर टिकतो का हे काही ट्यूबा महिनाभर ठेवून बघावं लागतं.

तपासणी घरी करता येते. एक रिकामी ट्यूब टोपण घट्ट लावून, घडी घालून, शेपटीकडून कढत पाण्यात बुडवा. आतली हवा फुगते आणि फट असेल तिथून बुडबुडे येतात. कुठून येतात ते बघा, बहुधा एकच कोपरा सापडेल. लेटेक्स नसलेल्या ट्यूबला एखाद-दुसरा बारीक बुडबुडा आला तर लगेच बाद करू नका, हवा जिथून जाते तिथून मलम जाईलच असं नाही. सलग धार आली तर मात्र घडी चुकली. भरलेल्या ट्यूबसाठी अमेरिकन फार्माकोपियाची (औषधांच्या दर्जाच्या तिकडच्या अधिकृत ग्रंथाची) डोळ्यांच्या मलमांची चाचणी चांगली आहे: दहा ट्यूबा बाहेरून कोरड्या पुसून टिपकागदावर आडव्या ठेवायच्या आणि ६० अंशांच्या ओव्हनमध्ये आठ तास. कागदावर डाग उमटता कामा नये. ६० अंशांना तुमचं घृत पार पातळ होईल, पाणीही सुटेल, म्हणजे त्या ट्यूबा नंतर विकायच्या नाहीत. पण त्यात टिकलेली घडी मे महिन्यातल्या कुरिअरच्या गाडीला घाबरणार नाही.

न विचारलेलं एक सांगतो. शतधौत घृत तांब्याच्या परातीत घोटतात. तांब्याचा अंश आणि पाणी हे अ‍ॅल्युमिनियमचे वैरी आहेत. लॅकर जिथे फुटलं असेल तिथे, म्हणजे पुन्हा त्या घडीच्या आसपास, धातूला बारीक छिद्रं पडू शकतात. त्यामुळे ट्यूब घेताना आतून लॅकर केलेलीच घ्या, शेवटचं पाणी नीट निथळून काढा, आणि काही भरलेल्या ट्यूबा बाजूला ठेवून दोन-तीन महिन्यांनी कापून आतून बघा. काळे ठिपके दिसले तर सरळ काचेच्या किंवा प्लास्टिकच्या डबीवर परत जा. ट्यूब दिसते छान, पण प्रत्येक मालाला तीच हवी असं नाही.

आणि हे आयुर्वेदिक औषध म्हणून विकणार असाल तर १९४० च्या औषध आणि सौंदर्यप्रसाधन कायद्याखाली परवाना लागतो, ट्यूबवर बॅच नंबर आणि तारखाही लागतात. परवाना झाला आणि माल वाढला की हाताने चालणारं क्रिम्पिंग (घडी घालून दाबणारं) मशीन घ्या. त्यात घडीची रुंदी पक्की राहते आणि नंबरही त्याच दाबात उमटतो. तोवर पकडीवर काम चालेल.

तिहेरी घडी घालूनही गळली तर इथे फोटो टाका. पूर्ण ट्यूबचा नको, दोन्ही कोपऱ्यांचा जवळून.