लोकपाल नंतर मागा, आधी गाळ्याची तक्रार करा

प्रश्न : रस्ता रुंदीकरणात आमचा शिवणकामाचा गाळा गेला. वडिलांना पर्यायी गाळ्यासाठी पात्र ठरवल्याचं पत्र हातात आहे. पण वॉर्ड ऑफिस मालमत्ता खात्याकडे पाठवतं आणि मालमत्ता खातं परत वॉर्डात. आता तर ‘फाइल सापडत नाही’ असं तोंडी सांगितलं. एक कारकून ‘काहीतरी बघा की’ असंही म्हणाला. नागरिकांच्या हक्कांसाठी पालिकेवर स्वतंत्र लोकपाल नेमावा, म्हणून आम्ही बाधित दुकानदार हायकोर्टात जनहित याचिका करणार आहोत. करावी का? (पूर्व उपनगर, मुंबई)

उत्तर : माझ्या मते करू नये. अमुक कायदा करा, असा आदेश हायकोर्ट विधिमंडळाला देत नाही. शिवाय खंडपीठ पहिल्याच तारखेला विचारेल, याचिकाकर्त्यांपैकी कितीजणांचे गाळे अडकले आहेत? सगळ्यांचे, म्हटलंत की याचिका स्वतःच्या फायद्याची ठरते. वर कोर्टाने खर्च भरायला लावला तर तो वेगळाच.

दुसरं म्हणजे, तुम्ही मागताय तशी संस्था, म्हणजे लोकायुक्त, मंत्रालयासमोरच्या नवीन प्रशासकीय भवनात आहे. महाराष्ट्राने लोकायुक्तांचा कायदा 1971 साली केला आणि 1972 मध्ये लोकायुक्त नेमलेही, देशात पहिल्यांदा. नेमणूक राज्यपाल करतात, हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती आणि विरोधी पक्षनेते यांचा सल्ला घेऊन. पालिकेचे अधिकारी त्यांच्या कक्षेत येतात. नव्या लोकायुक्त विधेयकाचा (विधानसभेत 2022, विधान परिषदेत 2023 मध्ये मंजूर) बराच गाजावाजा झाला, पण त्याचा रोख भ्रष्टाचारावर आहे. तुमचं दुखणं टोलवाटोलवीचं आहे.

1971च्या कायद्यात दोन प्रकारच्या तक्रारी आहेत. गैरकारभारामुळे अन्याय झाला, ही एक. आणि अधिकाऱ्यावर भ्रष्टाचाराचा आरोप, ही दुसरी. तुमची पहिली. तिच्यात कारकुनाचं ते वाक्य घालू नका. पुराव्याशिवाय ते घातलंत की अख्खं प्रकरण त्या एका वाक्याभोवती फिरत राहील. पुन्हा पैसे मागितले तर 1064 वर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला कळवा, तो वेगळा रस्ता.

मुदत मात्र बघा. अन्यायाची तक्रार तो कळल्यापासून बारा महिन्यांत करायची असते. उशीर झाला असेल तर सबळ कारण द्यावं लागतं, आणि ‘साहेब म्हणाले होईल’ हे कारण फारसं चालत नाही. याचिकेच्या बैठकांत हे महिने गेले तर भरून निघणार नाहीत.

तक्रार करण्याआधी कागद जमवा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, दोन्ही कार्यालयांत वेगवेगळा. नुसत्या प्रती नकोत, फाइलचं प्रत्यक्ष निरीक्षण मागा. टिपणीच्या पानांवर फाइल कोणत्या तारखेला कोणाच्या टेबलावर गेली ते सह्यांसकट दिसतं. शेवटची सही ज्याची, त्याचं पदनाम तक्रारीत घाला. फाइल खरंच नसेल तर तसं लेखी घ्या. तोंडी ‘सापडत नाही’चा उपयोग शून्य. तुमच्या प्रत्येक अर्जाच्या पोचवर शिक्का आणि आवक क्रमांक आहे ना, तेही तपासा. पुष्कळांच्या पोचवर नुसती एक फराटेदार सही असते, तारीखसुद्धा नसते.

तक्रारीला प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं. त्यात एक परिच्छेद, कोर्टात का गेलो नाही याचा, आवर्जून लिहा. कोर्टाचा मार्ग मोकळा असेल तर लोकायुक्त सहसा चौकशी करत नाहीत. अडचण पटली तर करू शकतात.

लोकायुक्तांना फक्त शिफारस करता येते, हुकूम नाही. स्वतंत्र लोकपालाच्या मागणीत तथ्य आहे ते इथेच, त्यासाठी आमदारांना जरूर निवेदन द्या. तरी शिफारशीवर काय केलं ते, शिफारशीत दिलेली मुदत संपल्यापासून महिन्याभरात खात्याला कळवावं लागतं. समाधान झालं नाही तर राज्यपालांकडे विशेष अहवाल जाऊ शकतो, आणि तो विधिमंडळापुढे येतो. लोकायुक्तांच्या पत्रावर खुलासा लिहायचा म्हटलं की हरवलेल्या फाइली बऱ्याचदा सापडतात.

तेवढ्यानेही हललं नाही तर हायकोर्टात रिट याचिका करा, पण स्वतःच्या नावाने आणि एकाच मागणीसाठी : पात्रता पत्रावर ठरावीक मुदतीत निर्णय द्या.

तक्रारीवर सही वडिलांची हवी, कारण पत्र त्यांच्या नावावर आहे. त्यांना जमत नसेल तर त्यांच्याकडून तुमच्या नावे अधिकारपत्र घ्या. बाकीच्या दुकानदारांनीही आपापली तक्रार स्वतंत्र करावी.