१४ गुण आले. थेरपी घ्यावी का?

प्रश्न: नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही लीड्सला आलो. पुण्यात मी बँकेत होते, इथे घरीच असते. काही महिन्यांपासून कशातच मन लागत नाही, पहाटे तीनला जाग येते ती येतेच. परवा रात्री मोबाइलवर नैराश्याची एक चाचणी भरली, १४ गुण आले. नवरा म्हणतो, इथल्या थंडीत सगळ्यांनाच असं होतं. थेरपी घ्यावी इतकं हे गंभीर आहे का? नोंद झाली तर व्हिसाला अडचण येईल का?

उत्तर: ताई, आधी सरळ उत्तर देते: हो, बोला कुणाशी तरी, आणि याच आठवड्यात.

तुम्ही भरलेली चाचणी बहुधा पीएचक्यू-९ असणार. तिच्यात नऊ प्रश्न असतात आणि प्रत्येकाला ० ते ३ गुण, म्हणजे एकूण २७. सगळे प्रश्न मागच्या दोन आठवड्यांबद्दलचे. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून मध्यम ते तीव्र आणि २० पासून तीव्र, असे तिचे टप्पे आहेत. १४ गुणांवरून तुम्हाला नैराश्याचा आजार आहेच असं ठरत नाही, ते तज्ज्ञ बोलून ठरवतात. पण १० किंवा त्याहून जास्त गुण आले की नीट तपासणी व्हायला हवी, असं धरतात.

आता बेरीज बाजूला ठेवा आणि नवव्या प्रश्नाला काय उत्तर दिलंत ते पाहा. मेलेलं बरं असं वाटणं किंवा स्वतःला इजा करण्याचा विचार येणं, याबद्दल तो प्रश्न आहे. तिथे शून्य सोडून काहीही असेल, तर एकूण गुण कितीही असोत, त्याच दिवशी जीपीला, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरला, फोन करा, किंवा एनएचएसचा (सरकारी आरोग्यसेवेचा) १११ हा क्रमांक लावून मानसिक आरोग्यासाठी २ दाबा. कधीही नुसतं बोलायचं असेल तर समॅरिटन्स या संस्थेचा ११६ १२३ हा फुकट क्रमांक चोवीस तास चालू असतो. जिवाला धोका वाटला तर ९९९ हा आणीबाणीचा क्रमांक.

या नऊ प्रश्नांनंतर शेवटी आणखी एक प्रश्न असतो, त्याचे गुण धरत नाहीत म्हणून लोक तो सोडून देतात: या त्रासामुळे काम करणं, घर सांभाळणं, माणसांशी जमवून घेणं किती अवघड झालंय? मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो. आपल्या बायका इथेच स्वतःवर अन्याय करतात. डबे होतायत, पोरं शाळेत वेळेवर पोचतायत, आईला व्हिडिओ कॉलवर हसून दाखवता येतंय, मग मला कसला त्रास, असा हिशोब घालून 'अजिबात अवघड नाही' वर टिचकी मारतात. घर चाललंय की नाही हे तिथे विचारलेलंच नाही. ते चालवताना तुमचं काय होतंय, ते विचारलंय. म्हणून पुन्हा एकदा दिवसाढवळ्या भरून पाहा. गुण ८ आले तरी त्रास खरा असेल तर मदत मागायचीच.

इंग्लंडमध्ये त्यासाठी जीपीची चिठ्ठी लागत नाही. एनएचएस टॉकिंग थेरपीज या बोलून उपचार करणाऱ्या सेवेकडे स्वतःच ऑनलाइन नाव नोंदवता येतं. जीपीकडे नोंदणी असली की झालं. सेवा मोफत आहे आणि मराठी दुभाषी मागता येतो. मागाच. मनातलं परक्या भाषेत सांगताना निम्मं राहून जातं. तिथेही हीच चाचणी पुन्हा पुन्हा भरून घेतात, फरक पडतोय का ते पाहायला. नंबर लागायला वेळ लागू शकतो, म्हणूनच आज नाव घाला.

जीपीकडे मात्र वेगळं जाऊन रक्त तपासून घ्या. थायरॉइड कमी असेल किंवा बी-१२ कमी असेल तरी थकवा येतो, मन खचतं, आणि शाकाहारी घरांत बी-१२ कमी निघणं काही नवं नाही.

व्हिसाची भीती काढून टाका. व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार भरलात, त्यातच हे उपचार येतात. नवऱ्याच्या ऑफिसला कुणी कळवत नाही.

राहिली थंडीची गोष्ट. डिसेंबरात लीड्सला चारच्या आत सूर्य मावळतो, त्याचा मनावर परिणाम होतो, हे यजमानांचं म्हणणं खरंच आहे. पण हिवाळ्यात येणारं नैराश्य हाही आजारच आहे आणि त्यावरही उपचार असतात. कारण थंडी असो की सुटलेली नोकरी, मदत त्यासाठीच आहे. त्यांच्याशी वाद घालू नका. तुमची उत्तरं त्यांच्यासमोर ठेवा, आणि नाव नोंदवताना त्यांना शेजारी बसवा.

दोन आठवड्यांनी पुन्हा चाचणी भरा. गुण चढत असतील, किंवा नवव्या प्रश्नाचं उत्तर बदललं असेल, तर नंबराची वाट पाहू नका. जीपीला तसं स्पष्ट सांगा.