आधी वडिलांचं मन, मग मुलाचं

प्रश्न : मी समुपदेशिका आहे. जहाजावर नोकरीला असलेले एक गृहस्थ सुटीवर घरी आलेत. ९ वर्षांचा मुलगा त्यांच्याशी धड बोलत नाही. ते म्हणतात, ‘मुद्दाम करतो, आईनंच शिकवलंय.’ ‘तुम्ही परत जाल याची त्याला धास्ती असेल,’ असं मी सांगितलं. त्यांनी मान डोलावली, पण पुढच्या वेळी आलेच नाहीत. काय चुकलं?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : तुमचा अंदाज बरोबरही असेल, पण तो फार लवकर आला. स्वतःचा अपमान झालाय असं वाटत असताना माणसाला दुसऱ्याच्या मनाचा विचार सुचत नाही. तेव्हा मुलाची बाजू मांडली, की वडिलांना एवढंच ऐकू येतं : चूक तुमची.

त्यांना फोन करा, ‘तुमचं म्हणणं पुरतं ऐकायचं राहिलं’ असं सरळ सांगा आणि एकट्यांनाच बोलवा. पूर्ण तासाला एकच प्रसंग घ्या, तोही दोन-तीन मिनिटांत घडलेला. ‘तो नेहमी असाच’ यावर काम होत नाही. ‘रविवारी हुमण-भाताचं ताट त्यानं बाजूला सारलं’ यावर होतं. त्याआधी कोण काय बोललं? तुम्ही कुठे बसला होता? अंगात काय झालं? रागाच्या आधी क्षणभर काय वाटलं? इथं पुष्कळदा ‘माझ्याच घरात मी पाहुणा’ असं काही बाहेर पडतं. तिथंच थांबा, ते किती लागलं असेल हे बोलून दाखवा. आवाज उतरला, बोलण्यात ‘कदाचित’ येऊ लागलं, की मगच विचारा : ‘आणि त्याच्या मनात तेव्हा काय असेल?’ उत्तर पुरवू नका. पुन्हा ‘मुद्दाम’ आलं तर वाद न घालता त्यांच्या भावनेकडे परत या.

लंडनमध्ये मानसशास्त्रज्ञ पीटर फोनागी आणि सहकाऱ्यांनी बाळंतपणाआधीच आईवडिलांच्या मुलाखती घेतल्या होत्या (निष्कर्ष १९९१चे). स्वतःच्या बालपणाबद्दल बोलताना ज्यांना मनातल्या घडामोडींचा विचार करता येत होता, त्यांच्याशी बाळांचं नातं सुरक्षित असण्याची शक्यता जास्त दिसली. ही क्षमता पालकाची स्वतःची असावी लागते. आपण तयार वाक्य हातात दिलं तर ती वाढत नाही. म्हणूनच ‘त्याला इनसिक्युरिटी आहे’ असं सफाईनं बोलणारा, पण एकही प्रसंग सांगू न शकणारा पालक पुढे गेलाय असं समजू नका.

घरात मारहाण होत असेल तर हा क्रम बाजूला ठेवा, आधी मुलाची सुरक्षितता पाहा.

जहाजावर परत कधी जायचंय, हे पहिल्याच भेटीत विचारा. दोन-तीन आठवडेच उरले असतील तर पुढच्या भेटी व्हिडिओ कॉलवर ठरवा आणि ते निघण्याआधी आईला एकदा सोबत बोलवा.