बिनपगारी लेखकांच्या जोरावर गेम परीक्षणांची वेबसाइट चालेल का?

चालेल, पण सुरुवात तीन-चार जणांनीच करा. मोफत गेम मिळेल म्हणून बरेच जण येतात, आणि लेख मात्र येत नाही. म्हणून आधी प्रत्येकाकडून त्याच्याकडे असलेल्याच एखाद्या गेमवर नमुना लेख मागवा.

खरी अडचण वेळेची. मोठा रोल-प्लेइंग गेम पुरा करायला 50-60 तास सहज लागतात. प्रकाशक आगाऊ कोड (गेम मोफत उतरवून घ्यायची किल्ली) देतात तेव्हा सोबत एम्बार्गो असतो, म्हणजे ठरलेल्या वेळेआधी परीक्षण छापायचं नाही. नोकरी किंवा कॉलेज सांभाळून फुकट लिहिणाऱ्याला त्या मुदतीला जुंपणं मला अन्यायाचं वाटतं. त्यापेक्षा पाच-सहा तासांत संपणारे इंडी गेम, म्हणजे छोट्या स्वतंत्र निर्मात्यांचे गेम घ्या. त्यांच्या निर्मात्यांना परीक्षणाची गरजही जास्त असते आणि मेलला उत्तरही मिळतं. मेटाक्रिटिक किंवा ओपनक्रिटिक या सगळीकडची परीक्षणं एकत्र करणाऱ्या साइटच्या यादीत जायची घाई नको.

कोड मोफत मिळाला असेल तर लेखातच तसं लिहा. गेम किती तास आणि कोणत्या यंत्रावर खेळला, हेही. गुण देणार की नाही, ते पहिल्याच दिवशी ठरवा.

पैसे देत नसाल तर निदान नीट संपादन द्या: ओळीओळीवर शेरे, लेखावर नाव, आणि लेखाचा हक्क लेखकाकडेच. पुढे जाहिरातींचं उत्पन्न सुरू झालं तर वाटणी कशी, हे आजच लेखी ठरवा. पैसे आल्यावर हा विषय काढलात, तर चांगले लेखक दुखावून निघून जातात.