आधी तो फ्लॅश बंद कर

प्रश्न : सर, आमच्या कॉलेजच्या नाटकाच्या ग्रुपचे फोटो मी काढतो. कॅमेऱ्यासोबत मिळालेली १८-५५ लेन्स आहे. भरत नाट्य मंदिरातल्या प्रयोगाचे फोटो एक तर हललेले आले, नाही तर चेहरे पांढरेफटक. ऑटोवर ठेवलं, फ्लॅशही मारून पाहिला. आता सुदर्शन रंगमंचावर प्रयोग आहे. काय करू?
— एक विद्यार्थी, सदाशिव पेठ

उत्तर : फ्लॅश बंद कर. तुमच्या प्रकाशयोजनावाल्या पोराने शिडीवर चढून चढून स्टेजवर संध्याकाळ उभी केलेली असते, आणि तुझा फ्लॅश तिचा पासपोर्ट फोटो करून टाकतो. शिवाय अंतर दुप्पट झालं की फ्लॅशचा उजेड चौथाई उरतो. मागच्या रांगेतून मारलास तर उजळतात ती पुढच्यांची टकलं. फोकससाठी लागणारा तो छोटा दिवाही मेनूत जाऊन बंद कर, नटाच्या डोळ्यात जातो.

चेहरे पांढरे पडतात ते काळ्या पडद्यामुळे. ऑटोवरचा कॅमेरा चौकटभर पसरलेला काळोख मोजतो, तो करडा दिसावा म्हणून एक्स्पोजर, म्हणजे आत येणारा प्रकाश, वाढवतो, आणि स्पॉटलाइटमधला चेहरा जळतो. तेव्हा मॅन्युअल मोड, स्पॉट मीटरिंग (चौकटीतल्या एका ठिपक्याचाच उजेड मोजणं), आणि मोजायचा तो चेहरा. काळोख काळाच राहू दे.

हलण्याचं कारण लेन्स. ती प्रकाश कमी घेते, म्हणून शटर जास्त वेळ उघडं राहतं. तुझी लेन्स ५५ वर, म्हणजे पूर्ण झूमवर, फार तर एफ ५.६ उघडते. हा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं तोंड मोठं. ५० मिमी एफ १.८ ही साधी लेन्स तिच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते, म्हणजे जिथे आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) ६४०० लागत होता तिथे ६४० च्या आसपास भागतं. नवा कॅमेरा घेण्याआधी ही घे, सेकंडहँड मिळाली तरी चालेल. मात्र १.८ वर दोन नट पुढे-मागे असले की एकच शार्प येतो, तेव्हा २.८ कर आणि आयएसओ वाढव. संवादाला शटर १/१२५ सेकंद पुरतं, नाच-मारामारीला १/२५० किंवा त्याहून वेगवान. आयएसओ ३२०० ला घाबरू नकोस. नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, नंतर कमी करता येतो, हललेला डोळा जागेवर आणता येत नाही. रॉमध्ये (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) काढ, हे वेगळं सांगायला नको.

हल्ली एलईडीचा ताप वेगळाच. गडद लाल किंवा निळ्या लाइटमध्ये एकच रंग भरून वाहतो आणि चेहऱ्याचा नुसता डाग होतो, साधा हिस्टोग्राम, म्हणजे कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख, मात्र सगळं ठीक दाखवतो. रंगांचे वेगवेगळे हिस्टोग्राम बघ, एक्स्पोजर एखादा स्टॉप खाली घे, म्हणजे प्रकाश निम्मा कर. फोटोत आडवे पट्टे आले तर इलेक्ट्रॉनिक शटर सोड आणि मेकॅनिकलवर १/१०० च्या आसपास ये.

पण मेकॅनिकल शटर वाजतं, आणि सुदर्शनसारख्या लहान जागेत सगळ्यांना ऐकू जातं. त्यातून चांगला फोटो वाक्य संपल्यावरच्या पॉजमध्ये असतो. बोलताना तोंडं वेडीवाकडी होतात. म्हणजे नेमका सगळे श्वास रोखून बसलेले असताना तू खटॅक करणार! म्हणून खरं काम रंगीत तालमीला उरक. लाइट्स तेच, कपडे तेच, आणि तुला विंगेतही उभं राहता येतं. त्याआधी दोन-तीन तालमी नुसत्या बघ. कोण कुठे थांबतं ते पाठ झालं की फोकस आधीच तिथे लावून ठेवता येतो. प्रयोगाच्या दिवशी हशा-टाळ्यांत हवे तेवढे काढ.

प्रश्न : मुलीचं कथक बालगंधर्वला आहे. माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. काही जमेल का?
— एक आई, कोथरूड

उत्तर : जमेल की. पुढची जागा मिळवा, कारण बोटांनी ओढून केलेला झूम म्हणजे फोटो कापणंच. स्क्रीनवर मुलीच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरा, एक्स्पोजर लॉक होईल. मग थोडं खाली ओढा. नाइट मोड बंद ठेवा, चकरांमध्ये त्याचा उपयोग नाही. समेवर ती थांबेल, तेव्हा काढा. स्क्रीनचा ब्राइटनेस मात्र अगदी कमी करा. तुमच्या मागेही कुणाची तरी आई बसलेली असेल.