अ‍ॅडमा तरुण होता तेव्हा: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका: ब्लड अँड क्रोम’च्या डिस्कबद्दल चारच ओळी लिहिल्या होत्या, की हे २००३ ते २००९ च्या अमेरिकन सिरीजचं प्रीक्वेल, म्हणजे त्याआधी घडलेली गोष्ट, आहे, माणसं आणि सायलॉन नावाचे यंत्रमानव यांच्यातल्या पहिल्या युद्धाचं दहावं वर्ष चालू आहे आणि पुढे जाऊन कमांडर होणारा विल्यम अ‍ॅडमा इथे अकादमीतून नुकताच बाहेर पडलेला पोरगा आहे. त्या चार ओळींवर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं, त्यामुळे या वेळी सगळं सदर त्यालाच दिलंय.

प्रश्न: मी यातलं काहीच बघितलेलं नाही. कथेच्या काळानुसार हे आधी घडतं, मग इथूनच सुरुवात केली तर चालेल ना?

नका करू. अगदी कळकळीने सांगते, नका करू. कथेचा काळ आणि बघायचा क्रम या वेगळ्या गोष्टी आहेत आणि इथे तर फारच वेगळ्या. सुरुवात डिसेंबर २००३ च्या दोन भागांच्या मिनी-सिरीजपासून करा. त्यात असं आहे की युद्ध थांबून चाळीस वर्षं झालीत, एवढ्या वर्षांत सायलॉन कुणाच्या नजरेला पडलेले नाहीत, गॅलॅक्टिका हे म्हातारं लढाऊ अंतराळजहाज म्युझियम व्हायच्या बेतात आहे आणि त्याचा तितकाच म्हातारा कमांडर जहाजावरचे कॉम्प्युटर एकमेकांना जोडायला ठाम नकार देतो. बाकीच्यांना तो जुन्या वळणाचा हट्टी माणूस वाटतो आणि आपल्यालाही पहिल्यांदा तसंच वाटायला हवं, ते वाटणं फार महत्त्वाचं आहे. आधी प्रीक्वेल बघून बसलात तर सायलॉन काय करू शकतात हे माहीत असतं, मग त्या हट्टाचं कोडंच उरत नाही. शिवाय प्रीक्वेलच्या शेवटी एक आवाज ऐकू येतो, तो मूळ सिरीजमधल्या ट्रिशिया हेल्फर या अभिनेत्रीचा आहे, आणि मूळ सिरीज बघितलेल्या माणसाच्या अंगावर तिथे काटा येतो, न बघितलेल्याला तो नुसता एका बाईचा आवाज.

म्हणून मिनी-सिरीज, मग चारही सीझन, मधे ‘रेझर’ (हा त्यातलाच टीव्ही-सिनेमा, नोव्हेंबर २००७ मध्ये आला, तिसरा सीझन संपल्यावर बघा), शेवटानंतर २००९ चा ‘द प्लॅन’ हा टीव्ही-सिनेमा, मग हवं तर ‘कॅप्रिका’ ही दुसरी प्रीक्वेल सिरीज आणि सगळ्यात शेवटी ‘ब्लड अँड क्रोम’. लांबलचक वाटेल, पण घाई कसली आहे.

प्रश्न: ताई, मी कॉलेजला आहे, पूर्ण सिरीज दोनदा बघून झालीये. मला एक कळत नाही, अ‍ॅडमा जगणार हे आपल्याला आधीच माहीत असताना प्रीक्वेलमध्ये टेन्शन येणार कुठून? (उत्तरात स्पॉयलर असले तरी चालतील.)

तुझा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडला, म्हणून जरा सविस्तर लिहिते, आणि ज्यांनी काहीच बघितलेलं नाही त्यांनी हे उत्तर सोडून पुढे जावं.

अ‍ॅडमा मरणार नाही हे माहीत असतं हे खरं. म्हणून तर त्याच्याबरोबर विमानात कोकर हा जुना सैनिक दिलाय. कोकरची ड्युटी संपायला थोडेच दिवस उरलेत, त्याला फक्त घरी जायचंय, आणि त्याचं काय होणार हे आपल्याला अजिबात माहीत नसतं. डॉक्टर बेका केलीचंही तसंच. पोराला व्हायपर हे लढाऊ विमान हवं असतं आणि हातात येतं मालवाहू कामाचं रॅप्टर, त्यात ती डॉक्टर बसवलेली, आणि साधी सोडायला जायची फेरी म्हणता म्हणता सायलॉनच्या ताब्यातल्या जेर्बा नावाच्या बर्फाळ जागेवर जाऊन पडायची वेळ येते. त्यामुळे तो जगतो की नाही हा प्रश्न मला बघताना एकदाही पडला नाही, माझा जीव अडकला होता तो परत येईल तेव्हा त्याच्यातलं काय शिल्लक असेल यात.

आणि आता खरी गोष्ट. परत आल्यावर त्याला कळतं की मोहिमेचा खरा हेतू त्याला सांगितलेलाच नव्हता, वरच्यांनी त्याला अंधारात ठेवून पाठवलं होतं, जे जीव गेले ते त्यांनी हिशोबात धरलेले होते, आणि वर त्याचं कौतुक करतात, त्याला व्हायपर देतात. हे काम करणाऱ्या ल्यूक पास्क्वालिनोचा चेहरा तिथे नीट बघ. स्वप्नात होतं ते विमान मिळालंय आणि चेहऱ्यावर आनंद सापडत नाही.

आता २००३ च्या मिनी-सिरीजचा शेवट आठव. पन्नास हजाराच्या आसपास माणसं उरलीत, सगळे खचलेत, आणि एडवर्ड जेम्स ओल्मोसचा म्हातारा अ‍ॅडमा सगळ्यांसमोर उभा राहून सांगतो की पृथ्वी कुठे आहे ते मला माहीत आहे. ते खोटं असतं. राष्ट्राध्यक्ष झालेली रॉझलिन त्याला एकटं गाठून विचारते तेव्हा तो कबूलही करतो, लोकांना जगायला काहीतरी हवं म्हणून सांगितलं म्हणतो. मी मूळ सिरीज बघितली तेव्हा मला तो क्षण थोर वाटला होता, नेता असावा तर असा, असं वाटलं होतं. प्रीक्वेल बघून झाल्यावर मी तो सीन परत लावला आणि मला तो तितका सोपा वाटेना, कारण आता माहीत होतं की हाच माणूस विशीत असताना त्याच्या वरच्यांनी त्याच्याशी असंच केलं होतं, चांगल्यासाठी म्हणून, आणि त्याला ते किती लागलं होतं तेही आपण बघितलेलं असतं. तो ते शिकला की त्याला तेच करावं लागलं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तू बघ आणि मला कळव.

प्रश्न: चित्र इतकं काळोखं का? अर्धा वेळ काही दिसतच नाही. डिस्क खराब आहे की माझा टीव्ही?

दोन्ही बरे असावेत. यातलं जवळजवळ सगळं ग्रीन स्क्रीनसमोर शूट केलंय. मूळ सिरीज संपल्यावर गॅलॅक्टिकाचे सेट मोडले, पण त्याआधी ते लेझरने स्कॅन करून ठेवले होते, आणि गॅरी हुट्झेलच्या व्हिज्युअल इफेक्ट्सच्या टीमने तेच जहाज कॉम्प्युटरमध्ये पुन्हा उभं केलं. कलाकार खरे, बाकी भिंती, दारं, हँगर, बरंचसं रंगवलेलं. अशा कामात गडद सावल्या आणि डोळ्यावर येणारे प्रकाशाचे पट्टे मुद्दाम ठेवतात, जोड दिसू नये म्हणून आणि मूडसाठीही. पट्टे जरा जास्तच झालेत हे मात्र मान्य.

पण टीव्हीचं सेटिंग एकदा बघाच. पिक्चर मोड ‘व्हिव्हिड’ किंवा ‘डायनॅमिक’वर असेल तर तो काढून ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ करा, मोशन स्मूदिंग बंद करा (ते चालू असलं की सिनेमासुद्धा स्टुडिओतल्या बातम्यांसारखा दिसतो), खोलीतला दिवा घालवा आणि मग काळा रंग खरंच काळा दिसतो का, की करडा, ते बघून ब्राइटनेस थोडा थोडा हलवा. एवढ्याने बराच फरक पडतो.

आणि शक्य असेल तर डीव्हीडीऐवजी ब्लू-रे घ्या. दोन थरांच्या डीव्हीडीत साडेआठ जीबी मावतात, दोन थरांच्या ब्लू-रेत ५०. काळोख्या दृश्यांत हा फरक सगळ्यात आधी दिसतो, कारण डेटा कमी पडला की अंधारातल्या हलक्या छटा आधी जातात आणि तिथे चौकोन चौकोन किंवा पट्टे दिसायला लागतात. उजेडातल्या सीनमध्ये ते खपून जातं, इथे नाही खपत. विकत घ्यायच्या आधी पाठीमागचा रिजन कोड (डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरसाठी आहे ते सांगणारी खूण) वाचा, अमेरिकेतल्या डिस्कवर डीव्हीडीला १ आणि ब्लू-रेला ए असतो, तुमचा प्लेअर तो घेतो का ते बघा, नाहीतर डिस्क येऊन नुसती कपाटात पडते.

प्रश्न: डिस्कवर ‘अनरेटेड’ लिहिलंय ते काय? घरी बारा वर्षांचा मुलगा आहे.

म्हणजे ही आवृत्ती टीव्हीवर दाखवलेल्यापेक्षा मोकळी आहे, रक्त जास्त, शारीरिक जवळीक जास्त. मुलाला आत्ता दाखवू नका. तो मोठा झाला की तुम्ही दोघं बसून बघा.

प्रश्न: एवढं चांगलं होतं तर सिरीज का नाही झाली? आणि आधी इंटरनेटवर तुकड्यातुकड्यात का दाखवलं?

याचं मला खरंच वाईट वाटतं. ऑक्टोबर २०१० मध्ये सायफाय चॅनलने याला पायलट, म्हणजे सिरीजचा नमुना-भाग, म्हणून मंजुरी दिली आणि त्याच महिन्यात ‘कॅप्रिका’ बंद करून टाकली. त्यामुळे सगळ्यांच्या आशा याच्यावर. दिग्दर्शक जोनास पेट, पटकथा मायकल टेलरची, म्हणजे मूळ सिरीजच्या लेखकांमधलाच माणूस. पण २०१२ मध्ये चॅनलने टीव्ही सिरीज करायची नाही असं ठरवलं. मग ९ नोव्हेंबर २०१२ पासून ते दहा छोट्या भागांत मशिनिमा या यूट्यूब चॅनलवर आलं, १० फेब्रुवारी २०१३ ला टीव्हीवर सलग दाखवलं आणि नऊ दिवसांनी, १९ तारखेला, डिस्क बाजारात.

तुकड्यांत बघणाऱ्यांचं मत वाईट का झालं ते मला कळतं. हे मुळात सलग बघण्यासाठी बांधलेलं आहे, दीड तासाच्या आसपासचं, पहिल्या अर्ध्या तासात पोराची मस्ती आणि मग हळूहळू ती उतरत जाते. दर काही मिनिटांनी कापलं की उतरणं जाणवतच नाही, नुसत्या चकमकी लक्षात राहतात. म्हणून मी म्हणते की याचं खरं घर डिस्क आहे, एका बैठकीत, मधे फोन न बघता. उणिवा आहेतच, बेकाचं पात्र जरा घाईत वळवलंय आणि पायलट असल्याने काही दारं उघडी टाकून दिलीत जी आता कधीच बंद होणार नाहीत. तरी बघा.

प्रश्न: हवाई दलांच्या इतिहासाची मला आवड आहे. सिनेमातल्या त्या दोघांच्या रॅप्टरला ‘वाइल्ड वीझल’ म्हणतात, ते नाव खरं आहे का?

खरं आहे आणि तुम्ही ते बरोबर हेरलंत. १९६५ मध्ये व्हिएतनाम युद्धात अमेरिकन विमानं जमिनीवरून सुटणाऱ्या सोव्हिएत बनावटीच्या क्षेपणास्त्रांना बळी पडायला लागली, तेव्हा हवाई दलाने दोन सीटची एफ-१००एफ विमानं वेगळ्या कामाला काढली, त्या कामाचं नाव वाइल्ड वीझल. मुद्दाम शत्रूच्या रडारसमोर जायचं, त्याला रडार चालू करायला लावायचं, आणि ते चालू झालं की त्याचा माग काढत जाऊन ते उडवायचं. पुढे पायलट, मागे इलेक्ट्रॉनिक युद्धाचा अधिकारी. २२ डिसेंबर १९६५ ला त्यांनी पहिलं क्षेपणास्त्र-ठाणं उडवलं. म्हणजे मागे बसलेल्या माणसाचं सगळं आयुष्य पुढच्याच्या हातात, आणि पुढच्याला कुठे जायचं ते मागच्याच्या कानांवरून कळणार. अ‍ॅडमा आणि कोकरची जोडी हीच आहे, आधी एकमेकांचं तोंड बघवत नाही आणि मग एकमेकांवाचून चालत नाही.

आणि वीझलचं काम काय, तर आमिष होणं. हे डोक्यात ठेवून शेवटची वीस मिनिटं परत बघा, नाव कुणीतरी विचार करून ठेवलंय हे लक्षात येईल.

प्रश्न: संगीत कुणाचं?

बेअर मॅकक्रीरी, मूळ सिरीजचाच. ढोल इथेही आहेत, पण मला जास्त लक्षात राहिला तो जेर्बावरचा पडीक लॉज, बाहेर बर्फ, आत कुणी नाही, आणि दिवस मोजणारा तो चिडका कोकर तिथल्या पियानोवर जाऊन बसतो. त्या वेळी आवाज थोडा वाढवा.